हाडांची काडे आणि पोत्याचे वजन

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल किंवा स्पर्धा परीक्षांच्या याद्या लागल्या की ठरावीक मथळ्याच्या बातम्या येऊ लागतात. हमालाचा मुलगा फौजदार झाला, ऊसतोड कामगाराची मुलगी तहसीलदार झाली, रिक्षाचालकाच्या मुलाने ९५ टक्के मिळवले. मग सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, आणि एखादा वक्ता आवाज खाली आणून सांगतो की या मुलाच्या बापाने हाडांची काडे केली, रक्ताचे पाणी केले. टाळ्या पडतात. मीही एकदा अशा व्यासपीठावर बसलो आहे. माझे वडील, म्हणजे आप्पा, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर अवघडून बसले होते आणि वक्ते त्यांच्या कष्टांचे वर्णन करत होते. त्या दीड तासात आप्पांच्या घामाविषयी पुष्कळ बोलले गेले. त्यांच्या डोक्यावरचे पोते किती किलोचे होते, हे मात्र कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्या भाषणात मीही ते सांगितले नाही.

आपल्या भाषेत बापाच्या कष्टांची स्तुती करण्यासाठी जे वाक्प्रचार आहेत, ते जरा थांबून ऐकले तर अंगावर काटा येतो. हाडांची काडे, रक्ताचे पाणी, खस्ता खाणे, झिजणे, रक्त आटवणे. या सगळ्यांत एका माणसाचे शरीर संपत जाण्याचे वर्णन आहे, आणि ते आपण कौतुकाच्या सुरात करतो. आईच्या बाबतीत तर एवढेही होत नाही. आप्पा साडेतीनला उठायचे, म्हणजे आई तीनला उठलेली असायची. पण सत्काराच्या भाषणात तिच्या वाट्याला ‘माउलीची साथ’ एवढे दोनच शब्द आले. असो. माझे म्हणणे असे की, कष्टाचा गौरव करण्याची आपली ही रीत निरुपद्रवी नाही. गौरव जितका मोठ्या आवाजात होतो, तितका त्या कष्टाचे माप काय, मोल काय आणि ते संपल्यावर त्या माणसाचे काय, हा प्रश्न मागे पडतो. कष्टाला माप असावे आणि ते ठरवण्यात कष्ट करणाऱ्याचा हात असावा, हा धडा मला आप्पांच्या दिनक्रमातून मिळाला. तो समजायला मला बरीच वर्षे लागली, याचे एक कारण लहानपणापासून कानांवर पडलेली ही स्तुतीच होती.

आप्पा सातारा जिल्ह्यातून १९७६ मध्ये मुंबईला आले. गावचे लोक आधीपासूनच मशीद बंदर भागात हमालीला होते, त्यांच्याच टोळीत ते शिरले. पुढे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलला, तेव्हा कांदा-बटाट्याच्या बाजाराबरोबर टोळीही तुर्भ्याला आली आणि आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो. मला आठवतो तो दिनक्रम तिथला. साडेतीनला उठायचे, बिनदुधाचा चहा घ्यायचा, दोन भाकरी आणि चटणी फडक्यात बांधायची, आणि पहाटे साडेचारच्या आत गाळ्यासमोर उभे राहायचे. नाशिककडून, पुणे-नगरकडून आलेल्या गाड्या रात्रीच लागलेल्या असत. दोघे जण गाडीत चढून पोती कडेला आणत आणि खाली पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर देत. तो वाकून, तोल सांभाळून, ओल्या फरशीवरून गाळ्यात जाई आणि थप्पी लावी. ऐकताना सोपे वाटणारे हे काम वर्षानुवर्षे करायचे तर त्यात शरीराचे मोठे शास्त्र आहे. पोते पाठीवर येते त्या क्षणी श्वास कसा धरायचा, पाऊल किती टाकायचे, पोते मानेवर नेमके कुठे टेकले म्हणजे पुढच्या खेपेला मान वळेल, हे सगळे आप्पा नव्या पोरांना शिकवत. ‘उचलाय कुणीबी उचलतंय, ठिवता याय पायजे,’ असे ते म्हणत. पोते आपटले की माल फुटतो, त्याचे पैसे टोळीच्या अंगावर येतात, आणि आपटताना कंबरेला जो हिसका बसतो तो कोणाच्याच हिशेबात येत नाही.

दुपारी एकच्या सुमारास घरी येऊन ते आंघोळ करत, जेवत, दोन तास झोपत, आणि उठल्यावर एक वही काढत. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. वहीत तारीख, गाळा क्रमांक, पोत्यांची संख्या आणि शेवटच्या रकान्यात वजन, एवढेच असे. मुकादमाकडे टोळीची नोंद असतानाही ते स्वतःची वही ठेवत. त्यांचा मुकादमावर अविश्वास नव्हता, पण आपला आकडा आपल्याकडे असावा असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या काही वह्या अजून माझ्याकडे आहेत. सरासरी काढली तर दिवसाला ११० पोती, एका पोत्याचे वजन ६० किलोच्या आसपास, म्हणजे रोजचे सहा-साडेसहा टन. वर्षाचे कामाचे दिवस २७० धरले आणि एकतीस वर्षांनी गुणले, तर एका माणसाच्या पाठीवरून सुमारे ५५ हजार टन माल गेला. हा हिशेब मी पहिल्यांदा केला त्या रात्री मला झोप लागली नाही. आता वाटते की, भाषणातल्या ‘अपार कष्ट’ या शब्दांपेक्षा हा आकडा अधिक आदराचा आहे. अपार म्हटले की मोजायची गरजच उरत नाही, आणि जे मोजले जात नाही त्याची मजुरीही अंदाजानेच ठरते.

त्या एकतीस वर्षांतला मला सर्वाधिक शिकवून गेलेला प्रसंग मात्र काम बंद असतानाचा आहे. मी बारा वर्षांचा असेन. मे महिन्याच्या सुट्टीत डबा घेऊन बाजारात गेलो, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि आप्पांची सगळी टोळी एका गाडीसमोर जमिनीवर बसली होती. गाडीत बटाट्याची पोती होती आणि पहिली दोन-तीन खाली घेतानाच त्यांचे वजन नेहमीपेक्षा फार जास्त असल्याचे कळले होते. काट्यावर टाकल्यावर ७५ किलोच्या वर भरले. भाडे पोत्यामागे वाचते म्हणून माल भरणाऱ्याने पोते ठासून भरलेले, आणि हमाली पोत्यामागे ठरलेली, त्यामुळे जादा वजन फुकटात वाहायचे ते हमालाने. व्यापारी आधी समजुतीने बोलला, मग ओरडला, मग बाहेरची माणसे आणण्याची भाषा झाली. टोळी बसूनच होती. कोणी घोषणा दिल्या नाहीत. आप्पा तर माझ्या डब्यातली भाकरी काढून शांतपणे खात होते. दोन-अडीच तासांनी जादा वजनाची वेगळी हमाली कबूल झाली आणि पुढच्या मालाबद्दल बोलणी ठरली, तेव्हा टोळी उठली. मला त्या दिवशी बापाची लाज वाटली होती, हे इथे लिहिले पाहिजे. मास्तरांनी शाळेत शिकवले होते की कामाला नाही म्हणू नये, आणि माझा बाप भर बाजारात कामाला नाही म्हणून बसला होता. परतताना मी विचारले, ‘आप्पा, तुम्हाला उचलत नव्हतं का?’ ते म्हणाले, ‘उचलत हुतं की. आज उचललं असतं तर उद्या ऐंशीचं आलं असतं.’

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये माणसाने वाहायच्या कमाल वजनाबद्दल करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. आप्पांना या शिफारशीची गंधवार्ता नव्हती; त्यांच्या पाठीने त्याच आकड्याच्या आसपास रेघ ओढली होती. भारतात पोते ५० किलोचे असावे ही मागणी हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली. आज सिमेंटची गोणी ५० किलोची असते, साखरेचे शंभर किलोचे पोतेही मागे पडून ५० किलोचे आले. कांदा-बटाट्याच्या बाजारात मात्र मापापेक्षा जड गोण्या येतात अशी तक्रार अजून संपलेली नाही.

टोळी त्या दिवशी निर्धास्त बसू शकली याला कारण होते, आणि ते आप्पांच्या धैर्याइतकेच एका कायद्यातही होते. हमालाची अडचण अशी की त्याला मालक नसतो, किंवा असलेच तर फार असतात. एका सकाळी तो सहा गाळ्यांचा माल उतरवतो, आणि सहाही जण ‘हा आमचा नोकर नाही’ असे खरेपणाने म्हणू शकतात. त्यामुळे कारखान्यातल्या कामगाराला मिळणारा भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, यांपैकी काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे माथाडी संघटित झाले, आणि त्या चळवळीच्या रेट्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम झाला. त्यातली युक्ती साधी आणि फार हुशारीची होती. सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ नेमायचे. व्यापारी आणि हमाल या दोघांचीही तिथे नोंदणी व्हायची. मजुरी मंडळाकडे जमा करायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. मंडळाने महिन्याला पगार द्यायचा आणि लेव्हीतून निधी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी भागवायचे. मालक सहा असोत की साठ, प्रत्येक पोत्यामागे प्रत्येकाने हमालाच्या म्हातारपणाचा थोडा थोडा वाटा भरायचा. आप्पांच्या टोळीतल्या जुन्या माणसांना याआधीचे दिवस आठवत. नोंद नाही, पावती नाही, गावी जायचे तर व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यात पुढचे वर्ष घालवायचे. त्या काळातले हमाल आप्पांपेक्षा कमी कष्ट करत नव्हते, कदाचित जास्तच करत असतील. तरी त्यांची मुले शिकली नाहीत आणि आप्पांचा मुलगा शिकला, यातला फरक घामाने पडला की लेव्हीने, याचा विचार सत्कार समित्यांनी करावा.

पुण्यातले उदाहरण याच जातीचे आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले. दिवसभर ओझे वाहणाऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळावे, ही त्यामागची कल्पना. कष्टकऱ्याला किती भाकरी लागतात हे कोणीतरी मोजले, एवढ्यासाठीच मला त्या केंद्राचे मोल मोठे वाटते.

या कायद्यावर आक्षेप आहेत आणि ते सगळेच खोटे नाहीत. माथाडीच्या नावाखाली टोळ्या उभ्या करून कारखान्यांच्या दारात पैसे उकळणारे लोक आहेत. काम न करता हमाली मागणारे आहेत. उद्योजकांचा त्यामुळे होणारा त्रास खरा आहे. आप्पांना अशा माणसांचा राग माझ्यापेक्षा जास्त होता, कारण त्यांच्यामुळे ‘माथाडी’ हा शब्दच लोकांच्या तोंडी शिवीसारखा येऊ लागला. पण खंडणी मागणाऱ्यावर खंडणीचा गुन्हा दाखल करता येतो. त्यासाठी ज्याच्या पाठीवर खरोखर पोते आहे त्याची नोंदणी आकसवण्याची गरज नाही. २०२३ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती करणारे विधेयक राज्य विधिमंडळात आले, तेव्हा यंत्राच्या मदतीने काम करणारे कामगार संरक्षणाबाहेर जातील या भीतीने माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला. ट्रकच्या शेपटाला यांत्रिक फळी लागली म्हणून माल आपोआप थप्पीला लागत नाही. फळीपासून थप्पीपर्यंतचे अंतर माणसाच्याच पायांनी कापले जाते. यंत्र यायला हरकत नाही, यायलाच हवे. आप्पा तर म्हणत, ‘माझ्या नातवाच्या पाठीव पोतं नसावं.’ यंत्राने वाचलेल्या कष्टातला वाटा कोणाकडे जातो, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

आणखी एक गोष्ट सत्काराच्या भाषणात येत नाही, ती म्हणजे कष्टाचे वय. कचेरीत बसून काम करणारा माणूस साठीला निवृत्त होतो. पोते वाहणाऱ्याचे गुडघे, कंबर आणि मानेचे मणके पन्नाशीतच निवृत्त होतात. आप्पांना त्रेपन्नाव्या वर्षी मान खाली घालता येईना. डॉक्टरांनी फोटो काढून दोन मणक्यांमधली जागा झिजल्याचे दाखवले तेव्हा आप्पा हसून म्हणाले, ‘हितनंच गेलं समदं.’ आता असंघटित कष्टकऱ्यांसाठीच्या योजना पाहा. २०१९ मध्ये आलेली प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना साठीनंतर महिना ३,००० रुपये देते, पण तिच्यात वयाच्या चाळिशीपर्यंतच शिरता येते आणि त्यानंतर साठीपर्यंत वर्गणी भरत राहावी लागते. पन्नाशीत काम सुटलेल्या माणसाने पुढची दहा वर्षे वर्गणी कुठून भरायची, याचे उत्तर ज्याने कधी पोते उचलले नाही त्यालाच सुचू शकते. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी महिना २०० रुपये आहे. बाकीचा भार राज्याने उचलायचा. निवृत्तीचे वय कामाच्या जातीवरून ठरावे, अंगमेहनतीच्या कामाला ते पन्नास-पंचावन्न असावे, ही मागणी मला कुठल्याही शाल-श्रीफळापेक्षा निकडीची वाटते. पैसे कुठून आणायचे, असे कोणी विचारील. जिथून १९६९ मध्ये आणले तिथूनच, म्हणजे ज्या मालाची ने-आण होते त्या मालावरून.

मुद्दा फक्त बाजार समितीच्या आवाराचा नाही, कारण हमाल आता आवाराबाहेर गेला आहे. भिवंडीच्या गोदामांत कंत्राटदारामार्फत खोकी चढवणारा तरुण, दुचाकीवर पाठीएवढी पिशवी बांधून इमारतींचे जिने चढणारा मुलगा, हे आप्पांचेच वारस आहेत. त्यांनाही मालक नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत वीस दुकानांचा माल ते वीस घरी पोचवतात, आणि कंपनी त्यांना कामगार न म्हणता भागीदार म्हणते. १९६९ मध्ये महाराष्ट्राने सोडवलेले कोडे हेच होते. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला, त्यात प्रत्येक व्यवहारावर शुल्क लावून कल्याण निधी उभारायची कल्पना आहे. तुर्भ्यातल्या कोणत्याही मुकादमाने ती वाचून ‘ही तर आमची लेव्ही’ असे म्हटले असते. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत अशी तरतूद आहे. ज्या राज्यातून ही कल्पना निघाली, तिथे मात्र चर्चा माथाडी कायदा सैल कसा करावा याची होते, आणि त्याच वेळी कुरिअर घेऊन पावसात उभ्या असलेल्या मुलाची चित्रफीत ‘याला म्हणतात जिद्द’ अशा ओळीसह हजारो मोबाइलवर फिरते. तीच ती हाडांची काडे, फक्त पार्श्वभूमीला संगीत आले आहे.

मुलांनी बापाच्या कष्टांविषयी कृतज्ञ असू नये, असे मी म्हणत नाही. आप्पांचे पाय मी आजही चेपतो. पण ती घरातली गोष्ट आहे, आणि घरातली कृतज्ञता चौकात आणून तिच्यावर समाजाचे देणे वळते करून घेणे बरोबर नाही. मुलगा शिकून साहेब झाला म्हणजे बापाचे फिटले, असे मानले की व्यापारी, ग्राहक आणि सरकार हे तिघेही सुटतात. ज्यांची मुले साहेब झाली नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. आप्पांच्या टोळीत चौदा जण होते. सत्कार झालेला मुलगा मी एकटा. बाकी तेराजणांनीही तेवढीच पोती वाहिली.

गेल्या दिवाळीत आप्पा माझ्याकडे आठ दिवस राहिले होते. आमची इमारत चार मजल्यांची, आणि लिफ्टजवळ ‘सामान नेण्यास मनाई’ अशी पाटी आहे. एका सकाळी पाण्याचे जार देणारा मुलगा चौथ्या मजल्यावर धापा टाकत आला. विशीतला, उजव्या खांद्यावर जार, खांद्याखाली दुमडलेला टॉवेल. आप्पांनी दार उघडले आणि त्याला आधी टॉवेल कसा धरायचा ते दाखवले, मग विचारले, ‘किती किलोचा रं ह्यो?’

‘वीस लिटर, काका. वीस-एकवीस भरतो.’

‘दिवसाला किती?’

‘साठ-सत्तर. सणाला शंभर.’

आप्पांनी क्षणभर मनात गुणाकार केला असावा. मग म्हणाले, ‘जारामागं ठरलंय, का मजल्यामागं?’

मुलगा हसला. ‘जारामागं. मजल्याचे वेगळे नाहीत, काका.’

तो रिकामा जार घेऊन खाली गेला. आप्पा दार लावून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘तुमच्या सोसायटीची मीटिंग कवा असती?’